उत्तर : लिफ्ट आली आणि इमारती वाढल्या?

'लिफ्ट आली म्हणून अमेरिकेत गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या' हे वर आलंय ते अर्धंच पटलं. न्यूयॉर्कमधल्या एका पाच मजली दुकानात ओटिस या लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची प्रवासी लिफ्ट १८५७ लाच बसली होती. माणसं वर जाऊ लागली, पण भिंतींचं काय? विटांच्या भिंतीनेच सगळा भार पेलायचा तर जितके मजले चढवाल तितकी ती खाली जाड होत जाते.

हे डोळ्यांनी बघायचं तर शिकागोतली मोनॅडनॉक इमारत बघा. कामानिमित्त तिथे होतो तेव्हा मुद्दाम गेलो होतो. उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ चा, सोळा मजली, भार विटांच्या भिंतींवर. तळाशी भिंत जवळजवळ सहा फूट जाड! तळमजल्याची खिडकी म्हणजे एखाद्या किल्ल्याचा झरोकाच वाटतो. ज्या मजल्याला सगळ्यात जास्त भाडं मिळायचं, तिथलीच जागा भिंतीने गिळलेली. त्याला चिकटूनच १८९३ चा दक्षिण भाग, पोलादी सांगाड्यावर उभा. मधल्या दोनच वर्षांत भिंतीचं काम भार पेलण्याऐवजी ऊन-वारा अडवण्यापुरतं उरलं. (शिकागोच्या मऊ चिकणमातीत उत्तरेकडचं हे धूड पुढे दीडेक फूट खचलंही.)

तेव्हा लिफ्टला श्रेय द्याच, पण खरा भाव पोलादाने खाल्ला. आणि न्यूयॉर्कमधल्या पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतींबद्दल कुणीतरी विचारलंय, ती स्थापत्यकारांची हौस नव्हे. खालच्या रस्त्यांवर उजेड पोचावा म्हणून १९१६ च्या नियमाने वरचे मजले मागे सारायला लावले होते.