जुन्या सी प्रोग्रामांतील गोटूएक्सवाय काढून टाकावे का?

धागाकर्ता: टर्बो सी या बोरलंड कंपनीच्या जुन्या कंपायलरमधील प्रोग्राम आजच्या कंपायलरवर आणताना गोटूएक्सवाय या कर्सर हलवणाऱ्या फंक्शनची प्रत्येक हाक काढून तेथे एस्केप सीक्वेन्स (टर्मिनलला आज्ञा देणारी अक्षरांची मालिका) लिहावा, असे माझे ठाम मत आहे. पडद्यावरील कर्सर सीच्या मानकात कधीच नव्हता. हे फंक्शन बोरलंडच्या कोनिओ हेडरमधले. उलट एस्केप, चौकटी कंस, ओळ, अर्धविराम, स्तंभ आणि मोठा एच एवढे छापले, की लिनक्सचे टर्मिनल आणि ही सोय चालू केलेले विंडोज १०चे कन्सोलही कर्सर योग्य जागी नेते.

पहिला प्रतिसाद: मी असहमत आहे. गोटूएक्सवायमध्ये स्तंभ आधी येतो, एस्केप सीक्वेन्समध्ये ओळ आधी. शेकडो ठिकाणी ही अदलाबदल हाताने करणे म्हणजे चुकांना आमंत्रण. शिवाय विंडो फंक्शनने चौकट आखलेली असेल, तर गोटूएक्सवायचे १,१ म्हणजे त्या चौकटीचा कोपरा असतो, पडद्याचा नव्हे. कर्सर कोणत्या स्तंभात आहे हे सांगणाऱ्या व्हेअरएक्सचे काय करणार? कर्सरची जागा टर्मिनलला विचारता येते, पण उत्तर कीबोर्डच्याच वाटेने येते आणि वापरकर्त्याने दाबलेल्या कळांतून ते वेगळे काढावे लागते. म्हणून जुनी नावे तशीच ठेवून त्यांच्या आतला भाग एकदाच नव्याने लिहावा. कर्सरची जागा त्यातच नोंदवावी.

दुसरा प्रतिसाद: दोघांनीही बायोसकडे, म्हणजे संगणकातच बसवलेल्या मूळ प्रणालीकडे, दुर्लक्ष केले आहे. अनेक प्रोग्राम इंट८६ हे फंक्शन वापरून थेट बायोसचा पडदा हाताळणारा १०एच इंटरप्ट बोलावतात: त्याची सेवा २ कर्सरची जागा ठरवते, सेवा १ आकार. तेथे ओळी व स्तंभ शून्यापासून मोजतात, गोटूएक्सवायमध्ये एकपासून. एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही पद्धती असतील, तर नुसती नावे राखून भागणार नाही.

धागाकर्ता: विंडोचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तेवढ्यापुरते माझे मत मागे घेतो. पण जुनी नावे ठेवून आतला भाग बदलणाऱ्या वेष्टनानेही सगळे सुटत नाही. ८० बाय २५च्या पडद्यावर शेवटच्या घरात सीप्रिंटएफ या कोनिओच्याच छापणाऱ्या फंक्शनने अक्षर छापले, की सारा मजकूर एक ओळ वर सरकतो. ते टाळण्यासाठी मी सध्या हाताळत असलेल्या प्रोग्राममध्ये चौकटीचा उजवा खालचा कोपरा पडद्याच्या मेमरीत, म्हणजे बी८०० सेगमेंटमध्ये, ३९९८ ऑफसेटच्या बाइटवर थेट लिहिलेला आहे. कोडच्या त्या ओळीत कर्सरचे फंक्शन नाहीच. ती वाचूनच बदलावी लागली.