पेशींवर ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र: इन्क्युबेटरमध्ये कॉइल कशी बसवू?

पेशीवेडी: नमस्कार. ५० हर्ट्झच्या १ मिलिटेस्ला क्षेत्राचा पेशींच्या वाढीवर काही परिणाम होतो का, ते बघायचंय. १५ सेंमी त्रिज्येची हेल्महोल्ट्झ जोडी (मधोमध एकसारखं क्षेत्र देणाऱ्या समोरासमोरच्या दोन गोल कॉइल) करून घेतेय, प्रत्येकी १०० वेढे. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी क्षेत्राविना ठेवलेल्या डिश शेजारच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवणार. आणखी काय लागेल?

तांब्याची तार: दोन कॉइलमधलं अंतर त्रिज्येइतकंच ठेवा. १ अँपिअरला सुमारे ०.६ मिलिटेस्ला मिळतं, तुम्हाला १.७ च्या आसपास लागेल.

पण कंट्रोल नुसत्या साध्या इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका, ही कळकळीची विनंती. तार १ मिमीची धरली तर जोडीचा रोध ४ ओहमच्या आसपास येतो. म्हणजे ११-१२ वॅट उष्णता, बंद कपाटात, डिशच्या अगदी जवळ. उद्या वाढीत फरक दिसला तर तो क्षेत्रामुळे की उबेमुळे, हे कशावरून सांगणार?

दुहेरी गुंडाळी करा. १०० वेढे सलग न घालता दोन तारा जोडीने ५०-५० वेढे गुंडाळायच्या. दोन्हींत प्रवाह एकाच दिशेने सोडला की क्षेत्र तयार होतं. एकीतला उलटा केला की क्षेत्र जवळपास शून्य, ऊब मात्र तेवढीच. किर्शविंक यांनी १९९२ मध्ये ही रचना नीट मांडली आहे. असे सारखे संच दोन्ही इन्क्युबेटरमध्ये बसवा, आणि कुठला खरा चालू, ते दर वेळी चिठ्ठी टाकून ठरवा. स्विच दुसऱ्याच्या हातात द्या, पेशी मोजणाऱ्याला ते कळता कामा नये. थरथर मात्र दोन्हीकडे सारखी होत नाही, म्हणून डिशचा स्टँड कॉइलच्या चौकटीला टेकवू नका.

आता मोजमापाचं. इन्क्युबेटरचा पंखा आणि हीटरही आपापलं क्षेत्र सोडतात, ते फळीगणिक बदलतं. कॉइल बंद ठेवून प्रत्येक जागा तीन अक्षांत मोजा. पृथ्वीचं क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, पोलादी भिंतींजवळ तेही वेडंवाकडं होतं. १ मिलिटेस्लाला हॉल प्रोब (मोठी चुंबकीय क्षेत्रं मोजणारा) ठीक. शॅममध्ये, म्हणजे प्रवाह उलटा करून क्षेत्र रद्द केलेल्या संचात, उरलेलं क्षेत्र बघायला फ्लक्सगेट (बारीक क्षेत्रं मोजणारा) घ्या. तो बहुधा १०० मायक्रोटेस्लाच्या आसपासच थांबतो, चालू कॉइलमध्ये घालू नका.

पेशीवेडी: दुहेरी गुंडाळीच करते. क्षेत्र उभं ठेवू की आडवं?

तांब्याची तार: त्याने बराच फरक पडतो. उभ्या क्षेत्रात प्रेरित विद्युतक्षेत्राला (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे द्रवात तयार होणाऱ्या) डिशची पूर्ण रुंदी मिळते: ३५ मिमीच्या डिशमध्ये कडेला सुमारे २.७ मिलिव्होल्ट प्रति मीटर, मधोमध शून्य. आडव्या क्षेत्रात द्रवाची जेमतेम २-३ मिमी खोलीच मिळते, त्यामुळे ते खूपच कमी. जमलं तर दोन्ही करा. उभं ठेवलंत तर कडेच्या आणि मधल्या पेशी वेगळ्या मोजा.