सुकी लाल मिरची: अमेरिकेला चालते, मग जर्मनीला का नाही?

दोंडाईचा_मिरची:
मंडळी, नंदुरबारच्या पथारीवर सुकवलेली, देठ खुडलेली अख्खी मिरची आहे, 8 टन. रिपोर्टमध्ये अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) आहे: त्यातला बी1 हा प्रकार 12 पीपीबी (अब्जात 12 भाग), सगळे प्रकार मिळून एकूण 14. आयईसी (आयात-निर्यात कोड) आणि स्पायसेस बोर्डाचं सीआरईएस (मसाला निर्यातदाराची नोंदणी) दोन्ही आहे. अमेरिकेचा खरेदीदार तयार आहे, जर्मनीचा नको म्हणतो. कमी आकड्याच्या मालात मिसळून पाठवता येईल का?

तापीकाठ:
दादा, मिसळू नका. युरोपच्या कायद्यात मर्यादेवरचा माल चांगल्या मालात मिसळायलाच बंदी आहे. तिथे सुक्या मिरचीला बी1 5 आणि एकूण 10 पीपीबी. तुमचा माल तिथे दोन्ही आकड्यांत नापास. अमेरिकेत फक्त एकूण आकडा बघतात, 20 पर्यंत. आपल्याकडे एफएसएसएआयची (देशाची अन्न सुरक्षा संस्था) मर्यादा बी1 15, एकूण 30. वाफ देऊनही उपयोग नाही. त्याने साल्मोनेलासारखा जंतू मरतो, हे विष तसंच राहतं.
इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूचा धूर दिलेला माल अमेरिकेत ठरलेल्या मर्यादेत चालतो, युरोपात त्याला परवानगीच नाही. म्हणून दोन्हीकडचा माल पहिल्यापासून वेगळा ठेवा.

धुळे_तपासनीस:
14 हा आकडा किती पोत्यांतून काढलेल्या नमुन्याचा आहे? बुरशी सगळीकडे सारखी नसते, मूठभर फटकी (पांढुरकी, रंग उडालेली) मिरची अख्ख्या नमुन्याचा आकडा चढवते. युरोपात 15 टनांखालच्या लॉटमधून वजनानुसार 5 ते 100 ठिकाणचा माल घेतात, एकत्र नमुना 10 किलोपर्यंत जातो. वरच्या दोन पोत्यांतली ओंजळ काढून केलेला रिपोर्ट तिथे टिकत नाही. तुम्हीही तसाच नमुना काढा, सगळा एकत्र दळून मगच तपासायला द्या.
अमेरिकेसाठी एफडीएची (तिथलं अन्न-औषध प्रशासन) नोंदणी आणि तिथला एजंट लागतो. जहाजाच्या मालाची पूर्वसूचना बंदरात पोचण्याआधी किमान 8 तास द्यावी लागते.

शहादा_शेती:
मूळ दुखणं पथारीवर आहे. ओली मिरची थेट मातीवर, थर जाड, रात्रीचं दव, त्यात अवकाळी. खालचा थर दिवसेंदिवस ओला राहतो आणि बुरशी तिथेच धरते. खाली ताडपत्री घाला, थर पातळ ठेवा, रोज उलटा, संध्याकाळी झाका. डागी आणि फटकी देठ खुडतानाच बाजूला काढा.
फवारणीही बघा. चार-पाच किलो ओल्या मिरचीची एक किलो सुकी होते, म्हणजे औषधाचा अंशही घट्ट होतो. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाला युरोपने 2020 मध्ये दार बंद केलं. त्या बाजारासाठी शेतकऱ्याशी लागवडीआधीच बोलावं लागतं.

दोंडाईचा_मिरची:
भरताना पाणी मारलं नाही तर मिरची फुटते, त्याचं काय?

शहादा_शेती:
भाऊ, पाणी मारून शिवलेलं पोतं म्हणजे बुरशीला घर. त्याऐवजी पहाटे भरा, हवेच्या ओलाव्याने साल आपसूक नरम असते. पोतं शिवण्याआधी ओलावा मोजायचं मीटर लावा. ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास हवा. 12 दिसला तर माल परत उन्हात.