अनुभव धागा: मुलं घरात, स्क्रीन बंद, आता काय?

सुट्टी असो, आजारपण असो, ‘कंटाळा आला’चा घोष ठरलेला. अशा वेळी तुमच्याकडे नेमकं काय चालतं? नुसती यादी नको; कागदाच्या होड्या सगळ्यांना ठाऊक आहेत. खेळ किती टिकला, मुलांनी त्याचं काय करून टाकलं, पसारा कोणी आवरला, ते लिहा.

सुरुवात मी करते. मोठी वस्तू आली की तिचा खोका मी टाकत नाही. धाकट्याने मागितली तेवढी खिडकी कापून दिली, बाकी हात लावला नाही. आधी तिकीटघर, मग दवाखाना, पेशंट मीच. कोपरे फाटल्यावर खोका चपटा करून रणगाडा झाला. अमेरिकेत रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात गाजलेल्या खेळण्यांचं दालन आहे. तिथे २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला मान मिळाला, २००८ साली चक्क काठीला!

* * *

आमच्याकडे कागदी पेल्यांचा फोन. पेल्याच्या बुडाला बारीक भोक पाडायचं, दोरा आत ओढून काडीच्या तुकड्याला बांधायचा, म्हणजे गाठ निसटत नाही. दोरा ताठ हवा आणि दाराच्या चौकटीला घासता कामा नये, नाहीतर कंपनं तिथेच मरतात. लेकीने दोरा मध्येच चिमटीत धरला आणि दादाचा आवाज गायब. मग तासभर ‘नेटवर्क गेलं’ हाच खेळ. दुसऱ्या दिवशी मधोमध आणखी एक दोरा बांधून तिसरा पेला जोडला, आता आजीही लाइनवर.

* * *

माझं मत जरा कडू आहे. रंगवलेलं मीठ, सजवलेले ट्रे वगैरे मांडायला आपला तास जातो आणि पोरगं पाच मिनिटांत उठतं. त्यापेक्षा परातीत थोडं पाणी, दोन मग, नरसाळं, स्पंज. खाली जुना टॉवेल. फक्त लहान मूल असेल तर शेजारी बसूनच राहा, फोन आला तरी उठू नका. दोन इंच पाण्यातही जिवावर बेतू शकतं.

* * *

फरशीवर मास्किंग टेपचे रस्ते. संध्याकाळी टेप काढून टाका, राहिला तर चिकटा निघत नाही. बस्स.

* * *

मी आजोबा. दिवे मालवून, भिंतीसमोर टॉर्च ठेवून सावल्या करतो. मला ससा आणि कुत्रा एवढंच येतं. नातीला शोध लागला, की हात टॉर्चजवळ नेला की सावली मोठी होते. तेव्हापासून तिचा ससा माझ्या कुत्र्याला खातो. न्याय कुठला!

* * *

बटणं, मणी रंगांप्रमाणे लावणं छान चालतं, पण घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर जपून. टॉयलेट रोलच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्याच्या हाती द्यायची नाही, हा सोपा अंदाज.

* * *

हे सगळं लहानांचं झालं. अकरा वर्षांच्या मुलाला काय द्यायचं? सावली म्हटलं की डोळे फिरवतो.

* * *

त्याला जुन्या कॅलेंडरची मागची बाजू आणि फासा द्या. सापशिडीसारखा खेळ स्वतः बनवायचा, नियम त्याचेच, लिहून काढायचे. आमच्या चिरंजीवांच्या पटावर एक घर आहे: ‘अभ्यास झाला का असं विचारणाऱ्याने सुरुवातीला परत जावे.’ मी अजून एकदाही जिंकलेलो नाही.