'बूटेबल' पेनड्राइव्हला मराठीत काय म्हणाल?

नौपाडा_भाषांतर
ठाण्यातल्या एका नेटवर्किंगच्या वर्गासाठी लिनक्स सर्व्हर बसवण्याची पुस्तिका मराठीत करतोय. दुसऱ्याच पानावर गाडी अडली. मी 'आरंभक्षम पेनड्राइव्ह' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'प्रारंभणीय' केलं. माझ्या मते 'प्रारंभणीय' म्हणजे ज्याचा प्रारंभ करायचा आहे ते. इथे पेनड्राइव्ह सुरू व्हायचा नाहीये, त्याच्यावरून सर्व्हर सुरू व्हायचाय. अख्खं वाक्य असं: 'आयएसओ प्रतिमा पेनड्राइव्हवर कॉपी करून तो प्रारंभणीय करा.' (आयएसओ प्रतिमा म्हणजे अख्ख्या इन्स्टॉलेशन डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल.) काय लिहावं?

वाशी_सेक्टर९
बूटेबल. पुढचा प्रश्न?

तीन_पेट्रोल_पंप
इतक्या लवकर शस्त्रं टाकू नका. मराठीत बूट एक पायातला आणि दुसरा 'माथेरानला जायचा बूट काढला' मधला. तिसरा कशाला? संस्कृतात 'बुध्' म्हणजे जागं होणं. देव उठतात ती प्रबोधिनी एकादशी. इंग्रजी 'बूट'ही तिथूनच गेला असणार. 'प्रबोधक पेनड्राइव्ह' म्हणा.

घणसोलीकर
'असणार' म्हणजे काय? हा बूट पायातलाच आहे. 'बूटस्ट्रॅप'चं ते लघुरूप. बुटाच्या वरच्या काठाला शिवलेली पट्टी. आपलीच पट्टी ओढून आपल्याला उचलायचं, असा इंग्रजीतला अशक्य कामाचा वाक्प्रचार. संगणकात प्रोग्रॅम आणायला आत आधीच एक प्रोग्रॅम हवा, या पेचाला १९५०च्या दशकात ते नाव चिकटलं. आजही साखळी तीच: आधी फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेला प्रोग्रॅम), मग ग्रब (कर्नल आणून देणारा), मग कर्नल (लिनक्सचा गाभा). प्रबोधक पेनड्राइव्ह लावला तर सर्व्हर कीर्तन सुरू करेल.

तीन_पेट्रोल_पंप
थट्टा सोपी असते. 'महापौर' शब्दालाही लोक हसलेच होते. आज नवी मुंबईत कुणी 'मेयर' म्हणतं का?

रबाळे_एमआयडीसी
विशेषणावर भांडताय आणि क्रियापद मोकाट सुटलंय. त्या वाक्यात चुकीचा शब्द 'प्रारंभणीय' नाही, 'कॉपी' आहे. शिकाऊ मुलगा हे वाचून आयएसओ फाइल माउसने ओढून पेनड्राइव्हवर टाकणार. फाइल दिसणार, आकारही बरोबर, आणि सर्व्हर म्हणणार 'बूट डिव्हाइस सापडलं नाही'. कारण जुन्या बायोस पद्धतीत फर्मवेअर पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं. त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे, ६४ विभागणीच्या तक्त्याचे, शेवटचे २ खुणेचे. फाइल ओढून टाकल्याने त्या सेक्टरला धक्काही लागत नाही. आयएसओ बाइटन् बाइट, अगदी पहिल्या सेक्टरपासून उतरवावी लागते.

म्हणून शब्दापेक्षा पायऱ्या नीट लिहा. आधी 'एसएचए२५६सम' (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढून डाउनलोड ताडून घ्यायचं. मग 'एलएसबीएलके'ने (जोडलेल्या डिस्कची यादी) आकार आणि मॉडेल पाहून पेनड्राइव्ह ओळखायचा. ८ जीबीचा तिथे साडेसातच्या आसपास दिसतो. त्याचे विभाग 'यूमाउंट' करायचे, म्हणजे सिस्टिमच्या वापरातून सोडवायचे. मग 'डीडी', बाइटन् बाइट उतरवणारी आज्ञा: 'आयएफ'पुढे (कुठून) आयएसओ, 'ओएफ'पुढे (कुठे) एसडीबी, म्हणजे यादीतलं पेनड्राइव्हचं नाव. एसडीबी१ नाही! १ लावलात की ठसा विभागाच्या आत उमटतो आणि पहिला सेक्टर होता तसाच राहतो. आणि बीच्या जागी ए पडलं तर बहुतेक वेळा आपल्याच मशीनची डिस्क जाते, 'डीडी' काही विचारत नाही. 'बीएस' (एका वेळी उतरवायचा तुकडा) ४एम ठेवा, शेवटी 'कॉन्व्ह=एफसिंक' हवंच. नाहीतर आकडे धावून थांबतात, पण बराच डेटा अजून रॅममध्येच असतो. तेव्हा उपसलात तर इन्स्टॉलर सुरू होतो आणि मध्येच स्क्वॉशएफएसच्या (इन्स्टॉलरच्या दाबून ठेवलेल्या फाइलींच्या) चुका ओकतो.

नौपाडा_भाषांतर
'ठसा' आवडला. मूळात 'इमेज' आहे, मी 'प्रतिमा' केलं होतं.

वाशी_सेक्टर९
'प्रतिमा' म्हटलं की पोरं जेपीजी शोधणार.

कळवा_खाडी
ठसा उलटा असतो, रबरी शिक्का बघा. 'साचा' म्हणा.

घणसोलीकर
शिक्का उलटा, ठसा सुलटाच उमटतो. साच्यातून वस्तू निघते, आयएसओतून काय निघतं?

कळवा_खाडी
बरं, ठसा. पण रबाळेकर, तुमचं विधान अर्धंच खरं. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशीनवर पहिल्या सेक्टरच्या कोडला कोण विचारतं? फर्मवेअर एफएटी (पेनड्राइव्हवर नेहमी असते ती फाइलरचना) विभागात ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात 'बूटएक्स६४.ईएफआय' शोधतं. आयएसओ उलगडून आतल्या फाइली एफएटी३२ पेनड्राइव्हवर टाकल्या तर सर्व्हर उठतो. म्हणजे 'कॉपी' चूक नाही, 'काय कॉपी' हे महत्त्वाचं.

रबाळे_एमआयडीसी
उठतो, पण पुढे चालेलच असं नाही. एफएटी३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. शिवाय रॉकी, अल्मा या लिनक्स प्रकारांचा इन्स्टॉलर पुढचा भाग ड्राइव्हच्या लेबलवरून शोधतो. एफएटीच्या लेबलला ११च अक्षरं. नाव तुटलं की इन्स्टॉलर ड्रॅकटच्या (लिनक्स सुरू होतानाचा पहिला टप्पा) इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन बसतो. रूफस हे विंडोजवरचं पेनड्राइव्ह तयार करायचं साधन ती लेबलं स्वतः दुरुस्त करतं, हाताने कॉपी करणारा करत नाही. नवशिक्याच्या पुस्तिकेत 'डीडी'च द्या; विंडोजवाल्यांना रूफस द्या आणि त्याने विचारलं तर 'डीडी मोड'. नंतर विंडोज 'फॉरमॅट करू का' विचारेल, तिथे नाही म्हणायचं. पेनड्राइव्ह परत साधा करायचा असेल तेव्हा विंडोजच्या 'डिस्कपार्ट'मध्ये 'क्लीन', पण डिस्कचा नंबर दोनदा बघून.

वाशी_सेक्टर९
व्हेन्टॉय (पेनड्राइव्हवरच्या आयएसओ फाइलींवरून थेट सुरू करणारं साधन) टाका, मग आयएसओ खुशाल ओढून टाका. अख्खा वादच मिटतो.

तीन_पेट्रोल_पंप
मिटत नाही. क्रियापद अजून ठरलेलं नाही. 'बर्न करणे' सीडीबरोबर गेलं, 'फ्लॅश मारणे' मोबाइलच्या दुकानातलं. 'उतरवणे' लिहा: 'आयएसओचा ठसा पेनड्राइव्हवर उतरवा.'

घणसोलीकर
ठसा उमटवतात, उतरवतात दृष्ट.

तीन_पेट्रोल_पंप
हस्तलिखित 'उतरवून घेतात', बाइटन् बाइट. आणि मूळ वाक्यातली खरी चूक कुणी पाहिलीच नाही: 'तो प्रारंभणीय करा'. 'तो' का? ती पेनड्राइव्ह.

कळवा_खाडी
ती? हार्ड डिस्क ती, हार्ड ड्राइव्ह तो. मग पेनड्राइव्हही तोच.

तीन_पेट्रोल_पंप
सीडी ती, फ्लॉपी ती, चिप ती. डेटा जिच्यात ठेवायचा ती स्त्रीलिंगीच.

वाशी_सेक्टर९
आणि सर्व्हर? कपाट? गोदाम?

तीन_पेट्रोल_पंप
गोदाम नपुंसकलिंगी आहे, विषयांतर करू नका.

रबाळे_एमआयडीसी
रॅकमधल्या सर्व्हरना आम्ही पेनड्राइव्ह लावतच नाही. आयड्रॅक किंवा आयएलओ या सर्व्हरमधल्याच दूरनियंत्रणाच्या सोयींवरून व्हर्च्युअल मीडिया म्हणून आयएसओ जोडायची. तो की ती, प्रश्नच येत नाही.

घणसोलीकर
'आयएसओ जोडायची'? तो आयएसओ ना?

रबाळे_एमआयडीसी
फाइल ती, म्हणून आयएसओ ती.

तीन_पेट्रोल_पंप
बघा!