मदत हवी आहे: तेहुआंतेपेकचं आखात शिडाच्या बोटीने, सरळ की किनारा धरून?

मतलई

नमस्कार मंडळी. मी आणि नवरा सध्या मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हुआतुल्कोला आहोत, 38 फुटी शिडाच्या बोटीवर. बोट नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याची, तोच कॅप्टन, आम्ही दोघं क्रू. पुढचा मुक्काम पुएर्तो चियापास, मग एल साल्वादोर, आणि मार्चपर्यंत कोस्टा रिका.

मध्ये तेहुआंतेपेकचं आखात आडवं आलंय. कॅप्टन म्हणतो, सरळ रेषेत जाऊ, साधारण 225 सागरी मैल आहेत, पाच नॉटने (तासाला पाच सागरी मैल) दोन दिवसांच्या आत पार. शेजारच्या बोटीवरचे कॅनडाचे आजोबा म्हणतात, किनाऱ्यावरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येईल इतकं जवळून जा. मुंबईत मी डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, चालवलेली आहे, रात्रीची पाळीही करते, पण 40 नॉटचा वारा मी पाहिलेला नाही आणि पाहायची हौसही नाही.

कोणी या बाजूने गेलंय का? हवामानाचं नेमकं काय बघायचं? पुढे पापागायोचा वारा म्हणतात तोही असाच का? आणि आमचे दोघांचे पासपोर्ट भारतीय आहेत, त्याबद्दलही कोणी सांगितलं तर बरं होईल.

उलटा_नांगर

ताई, आजोबांचं ऐका.

टँकरवर असताना याच आखातावरच्या सालिना क्रूझ बंदराला जाणं व्हायचं, आता त्याच किनाऱ्यावर स्वतःची बोट आहे. कारण समजलं की कॅप्टनला पटवणं सोपं जाईल. हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखातावर, म्हणजे पलीकडच्या अटलांटिक बाजूला, थंड हवा उतरते आणि तिकडे दाब चढतो. पॅसिफिकच्या बाजूला दाब कमीच असतो. दोन्हींच्या मध्ये डोंगररांग, आणि त्या रांगेत एकच मोठी फट: तेहुआंतेपेकची चिंचोळी पट्टी, समुद्र ते समुद्र जेमतेम 200 किलोमीटर. चिवेला खिंडीतून ती सगळी हवा घुसते आणि पॅसिफिकवर शेकडो मैल पसरते. मेक्सिकोने पवनचक्क्यांची रांगच्या रांग तिथे उभारली आहे ती काही उगाच नाही.

आता मुद्दा. वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याला खेटून असाल तर लाटेला मोठं व्हायला जागाच मिळत नाही. शिडं फाटतील असा वारा, डेकवर वाळूचा मारा, पण खालचं पाणी बऱ्यापैकी सपाट. बाहेर जाल तसतशी तीच लाट उभी, आखूड आणि पुरुष-दोन पुरुष उंच होत जाते. तुमच्या कॅप्टनची सरळ रेषा मधोमध किनाऱ्यापासून 45-50 मैल बाहेर जाते. तिथे वारा सुटला तर किनाऱ्याकडे परतायचं म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर. ते जमत नाही. मग एकच उरतं, दक्षिणेला वाहत जायचं.

आणि किनारा धरून गेल्याने अंतर वाढतं किती? 25-30 मैल. पाच-सहा तास.

बोयावाला

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. "किनारा धरा" हे मरिनातल्या खुर्चीत बसून म्हणायला सोपं आहे. सालिना क्रूझपासून पूर्वेला किनारा म्हणजे वाळूची लांब पट्टी आणि तिच्यामागे मोठाली खाजणं. खाजणांची तोंडं जिथे उघडतात तिथे वाळू बाहेरपर्यंत साचलेली असते आणि नकाशातली खोली खरी असेलच असं नाही. रात्री कोळंबीचे ट्रॉलर असतात, त्यांचे दिवे बघून कोण कुठे चाललंय हे कळत नाही. सालिना क्रूझसमोर नांगरलेली जहाजं वेगळीच.

10 ते 15 मीटर खोलीची रेघ धरा, खाजणाच्या तोंडापाशी थोडं बाहेर निघा, परत आत या. डेप्थ साउंडरचा (खोली मोजणाऱ्या यंत्राचा) अलार्म लावा. इंजिनाचं फिल्टर आधी बदला आणि जास्तीचं जवळ ठेवा, कारण या पट्ट्यात बरेच जण अर्धा वेळ इंजिनवरच असतात. टाकीच्या तळाचा गाळ हलून इंजिन बंद पडायचं तर ते असल्याच जागी पडतं.

हवामान खरोखर निवांत असेल तर सरळ जाणारेही खूप आहेत, आणि त्यांना काही होत नाही. म्हणून तुमचा कॅप्टन अगदीच वेडा नाही.

उलटा_नांगर

निवांत "असेल तर". जानेवारी आहे बोयावाले. ऑक्टोबर ते एप्रिल हा या वाऱ्याचा हंगाम आणि डिसेंबर-जानेवारी त्याचा कळस.

ह्यूस्टनकर

मी बोटवाला नाही, नुसता वाचनमात्र, पण इथे माझा उपयोग आहे. आमच्या टेक्ससमध्ये नॉर्दर आला, म्हणजे दुपारी शॉर्ट्स आणि रात्री स्वेटर असा दिवस आला, की तीच थंड हवा पुढे मेक्सिकोच्या आखातात उतरते. एखाद-दोन दिवसांनी तुमच्याकडे खिंडीतून वारा सुटतो. तेव्हा ताई, तुमच्या डोक्यावरचं निळं आकाश बघून ठरवू नका. टेक्ससचं हवामान बघा. तिथे थंड आघाडी शिरत असेल तर नांगर उचलू नका.

बोयावाला

ह्यूस्टनकरांना +१. त्यात भर: मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर हिवाळ्यातही या भागाचा समुद्री अंदाज रोज काढतं, त्यात तेहुआंतेपेकचं नाव वेगळं असतं. "गेल" लिहिलं असेल तर 34 ते 47 नॉट, "स्टॉर्म" म्हणजे 48 किंवा त्याच्या वर. फोनवरच्या रंगीत नकाशात दिसतो तो सरासरी वारा, झोत त्याच्या बरेच वर जातात.

एक वादळ ओसरताना निघायचं, पुढचं येण्याआधी पोचायचं. दोन दिवसांचा प्रवास असेल तर तीन दिवसांची शांतता दिसल्याशिवाय दोर सोडू नका. आठवडा थांबावं लागलं तर थांबा. हुआतुल्को काही वाईट जागा नाही.

मतलई

खूप खूप आभार. पाच-सहा तासांचा हिशेब कॅप्टनला दाखवला, तो जरा गप्प झाला. :) आज टेक्ससमध्ये आघाडी आहेच, त्यामुळे तूर्तास मुक्काम इथेच.

चियापासच्या पुढचं पण सांगा ना.

उलटा_नांगर

ग्वातेमाला आणि एल साल्वादोरसमोर वाऱ्यापेक्षा गळांच्या लांब दोऱ्यांचा त्रास जास्त. कोळी फायबरच्या होड्यांतून, तिथे पांगा म्हणतात, मैल-मैल लांब दोऱ्या टाकतात. टोकाला काळा झेंडा, मध्ये प्लास्टिकच्या बाटल्या. दिवसा एक माणूस पुढे उभा ठेवा. बाटली समजून वळवाल आणि जवळ गेल्यावर कासव निघेल, पाठीवर पक्षी बसलेला. कोळी हात हलवून दोरीचं टोक कुठे आहे ते दाखवतात, त्यांच्यावर विश्वास ठेवा. दोरी पंख्यात गेलीच तर आधी इंजिन न्यूट्रल, मग बाकीचं.

एल साल्वादोरला बाईया देल सोलमध्ये जाणार असाल तर खाडीच्या तोंडावर लाटा फुटतात. आपल्या मनाने आत शिरायचं नाही. आधी कळवायचं, भरतीची वेळ घ्यायची, आतून वाटाड्या जेट-स्कीवर येतो, त्याच्या मागोमाग जायचं. हॅच (डेकवरची झाकणं) बंद, डेकवर काही सुटं नको, सगळे कॉकपिटमध्ये.

पापागायो त्याच जातीचा, फक्त फट निकाराग्वाच्या सरोवराची आणि वारा पूर्व-ईशान्येचा. दक्षिण निकाराग्वापासून सांता एलेनाच्या भूशिरापर्यंत सांभाळा. 25-30 नॉट तिथे हंगामात नेहमीचंच. इथेही तेच, किनाऱ्याजवळ राहा आणि रीफ आधीच बांधून, म्हणजे शीड आखडून ठेवा. भूशिराला वळसा घालण्याआधीच, त्याच्या उत्तर बाजूला बाईया सांता एलेना लागते. झोत आतही येतात, पण जमिनीने सगळीकडून वेढलेली जागा आहे, नांगर टाकून झोप काढा.

चौकसराव

पासपोर्टचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. अमेरिकेचा व्हिसा असेल तर अमुक देशात व्हिसा लागत नाही, असं जालावर वाचून निघू नका. दूतावासाला ईमेल करा, त्यात "खाजगी बोटीने, क्रू म्हणून येणार" हे स्पष्ट लिहा आणि उत्तर छापून जवळ ठेवा. ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांचे मिळून 90 दिवस धरतात, प्रत्येकी नाही.

निघताना बंदरातून झार्पे, म्हणजे निघाल्याचा दाखला घ्यायचा. पुढच्या देशात पहिल्यांदा तोच मागतात. क्रूच्या यादीत तुमची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट हवीत. मराठी माणसाचं मधलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकण्याची हौस जगातल्या सगळ्या कारकुनांना आहे. शिक्का मारण्याआधी वाचून घ्या.

मतलई

चौकसराव, मधल्या नावाचा घोळ मेक्सिकोत शिरतानाच झालाय, सासऱ्यांचं नाव माझं आडनाव झालंय. उद्या सकाळी बंदर कार्यालयात जाते.

शेवटचा प्रश्न, हसू नका. दोन रात्री हलत्या बोटीवर जेवणाचं काय करता?

बोयावाला

प्रेशर कुकर. झाकण बंद असतं, उलटला तरी सांडत नाही. निघण्याआधी खिचडी करून कुकरमध्येच ठेवा, खोल वाटीत वाढा, चमच्याने खा. पहिल्या दिवशी फोडणीच्या वासाने कोणाचं पोट ढवळणार असेल तर नुसता दहीभात. आलं भरपूर घेऊन ठेवा, चघळायला.

उलटा_नांगर

आणि कॅनडाच्या आजोबांना एक डबा द्या.