दसऱ्यानंतर बास्क भाग आणि थोडं पुढे: मार्ग, मुक्काम, शाकाहारी जेवण. सल्ला हवा

मुठाकाठी
नमस्कार मंडळी. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे. त्यामुळे घट उठले, सोनं वाटून झालं की स्पेनच्या उत्तरेला बास्क भागात जायचं घाटतंय. दिवाळीच्या फराळाला लागायच्या आत परत. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, तब्येत ठणठणीत, पण गुडघे कुरकुरतात. आम्ही दोघं सगळं खातो, त्या पक्क्या शाकाहारी.

नवऱ्याने आखलेला मार्ग असा: माद्रिदला उतरून बुर्गोस, सान्तांदेर, बिल्बाओ, सान सेबास्टियन, बिआरित्झ, पाम्प्लोना, लोग्रोन्यो, सारागोसा आणि बार्सिलोनाहून परत. कागदावर झकास दिसतंय. मला मात्र सगळा वेळ बॅगा भरण्यात जाणार असं वाटतंय. गाडी भाड्याने घ्यावी का? पाऊस किती? फ्रान्सच्या बाजूला जाण्यासारखं आहे का? आणि सासूबाई खाणार काय?

खडूस_आजोबा
यजमानांना सांगा, हा प्रवास नाही, पाट्या टाकणं आहे. बार्सिलोना, सारागोसा, माद्रिद तिन्ही काटा. बास्क भाग मुळात लहान आहे. बिल्बाओ ते सान सेबास्टियन जेमतेम शंभर किलोमीटर, तिथून फ्रान्सची हद्द वीस, पाम्प्लोना ऐंशी. बिल्बाओला उतरा, बिल्बाओहूनच परत या. भारतातून थेट विमान नाही, पण इस्तंबूल, फ्रँकफर्ट, पॅरिस यांपैकी कुठूनही जोडविमान मिळतं.

आळशी_प्रवासी
आजोबांना +१. बिल्बाओच्या विमानतळावरूनच सान सेबास्टियनची थेट बस सुटते, सव्वा तासात पोचवते. म्हणजे पहिला मुक्काम तिथेच. किनारपट्टीला गाडीची अजिबात गरज नाही. सान सेबास्टियनमध्ये गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडला पार्किंग शोधणं. गाडी नंतर, आतल्या डोंगराळ भागासाठी घ्या.

बिल्बाओहून सान सेबास्टियनला एउस्कोट्रेन नावाची छोटी रेल्वेही आहे. ती अडीच तास घेते, बस सव्वा तास. हौस असेल तरच रेल्वे.

तुलूझकर
मी बास्क भागापासून तीनेक तासांवर राहतो, वर्षातून एखादी चक्कर होतेच. दसऱ्यानंतर येताय ना, मग तारखा अशा काही जुळल्या आहेत की मला हेवा वाटतोय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी फ्रान्सच्या बाजूला एस्पेलेत गावात मिरचीचा उत्सव असतो. पांढऱ्या भिंती, तांबड्या लाकडी खिडक्या आणि प्रत्येक घराच्या दर्शनी भागावर वाळत टाकलेल्या लाल मिरच्यांच्या माळा. या मिरचीला २००० साली फ्रान्सचं सरकारी प्रमाणित नामांकन मिळालं. लवंगीवर वाढलेल्या माणसाला ती तिखट लागणारच नाही, गोडसर धुरकट वास मात्र छान. तिकडे काळ्या मिरीच्या जागी हीच भुरभुरवतात.

आणि त्याच्या लगेच पुढचा सोमवार, म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार, हा गेर्निकाच्या सर्वांत मोठ्या शेतकरी बाजाराचा दिवस. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी चीज, मध, सुक्या शेंगांचे दाणे, ढब्बू मिरच्या, भोपळे घेऊन येतात. गेर्निका म्हणजे तेच, २६ एप्रिल १९३७ ला बॉम्बफेक झालेलं. तोही सोमवारच होता, बाजाराचा. पिकासोचं मूळ चित्र माद्रिदला आहे, इथे त्याची फरशांवर केलेली प्रतिकृती रस्त्याकडेच्या भिंतीवर बघायला मिळते. शांतता संग्रहालय आणि ज्या ओकखाली बास्क सभा भरायची त्या झाडाचा वंशजही इथेच.

शिवाय बिल्बाओचं गुगेनहाइम हे कलासंग्रहालय उन्हाळा सोडला तर सोमवारी बहुतेक बंद असतं. त्यामुळे सोमवार गेर्निकाला देऊन काही बुडत नाही.

टिवल्याबावल्या
खाण्याच्या प्रश्नावर कोणी बोलेना म्हणून आले. ताई, आधी हे सांगा, सासूबाईंना अंडं चालतं का?

मुठाकाठी
केकमध्ये चालतं, ताटात नाही. 😄

टिवल्याबावल्या
मग बटाट्याचं ऑम्लेट बाद, आणि तिकडच्या शाकाहारी माणसाचा अर्धा आधार गेला. पण जळक्या कडेचा चीजकेक मात्र चालेल. तो सान सेबास्टियनचाच, जुन्या गावातल्या ला विन्या या बारमधला.

आता पिंचोस. बारच्या काउंटरवर पावाच्या चकत्यांवर रचलेले प्रकार दिसतात, त्यातले बरेचसे मासे, हॅम, खेकडा असलेले. खरी मजा मागे फळ्यावर खडूने लिहिलेल्या गरम पदार्थांत असते. ते सांगितल्यावर करून देतात. शरद ऋतू म्हणजे रानातल्या अळंब्यांचा हंगाम. तव्यावर लसूण घालून परतलेल्या अळंब्या मागा, वर अंड्याचा पिवळा बलक घालतात तो नको म्हणून आधीच सांगा. भाजलेल्या लाल पिकिल्यो मिरच्या आणि गेर्निकाच्या छोट्या हिरव्या तळलेल्या मिरच्या, वर जाडं मीठ: हे दोन्ही बिनधास्त.

‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. हॅमला आणि ट्यूनाला तिकडे बरेच लोक मांसात धरत नाहीत. तेव्हा घोकून ठेवा: ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन’. मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही. तरी सूप विचारूनच. बटाटा आणि लीकचं पोरुसाल्दा दिसायला सात्त्विक, पण त्यात कधीकधी सुका कॉड मासा असतो. तोलोसाची काळी घेवड्याची उसळ अप्रतिम, मात्र शेजारी डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. आणि सासूबाई फार काटेकोर असतील तर इदियाझाबाल चीज नको. मेंढीच्या दुधाचं, पण विरजायला परंपरेने कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात.

दाटीवाटीत उभं राहून खायची पद्धत आहे. साडेबाराला किंवा संध्याकाळी सातला गेलात तर बसायला स्टूल मिळेल. रात्री नऊला मिळणं कठीण. एका बारमध्ये एकच पदार्थ, एकच पेला, की पुढचा बार. पैसे शेवटी. चाकोली ही हलकी पांढरी वाइन हात उंच करून वरून ओततात, ते तेवढ्यासाठी तरी मागवा.

खडूस_आजोबा
हे सगळं ठीक. पण स्वयंपाकघर असलेली एखादी खोली घ्या आणि पिठलं-भात करा. बाजारात भाज्या उत्तम मिळतात.

टिवल्याबावल्या
आजोबांचं पहिल्यांदाच पटलं. तिकडे जेवणघरं दुपारी दीडनंतर आणि रात्री साडेआठनंतरच चालू होतात, मधल्या वेळात शिजवलेलं काही मिळायची मारामार. बरोबर ठेपले, मेतकूट असू द्या.

मांडवीतीर
गोव्याचा असल्याने राहवत नाही. पाम्प्लोनापासून पन्नासेक किलोमीटरवर हाविएर नावाचं गाव आहे. आपला ‘गोंयचो सायब’, सेंट फ्रान्सिस झेवियर, १५०६ साली तिथल्या गढीत जन्मला. १५४२ साली गोव्यात आला, १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, आणि आता त्याचे अवशेष जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या बासिलिकात आहेत. ज्या ३ डिसेंबरला आमच्याकडे फेस्त, तोच नाव्हारा प्रांताचा दिन.

गढी पाहायला मी कुतूहलाने गेलो होतो. १५१६ साली कार्दिनाल सिस्नेरोसच्या हुकमावरून बुरूज पाडले होते, आज दिसतं ते बरंचसं नंतरचं बांधकाम. आतल्या छोट्या चॅपलमध्ये लाकडी ख्रिस्त आहे, क्रुसावर, आणि चेहऱ्यावर चक्क स्मित. त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. जवळच लेइरेचा मठ, तिथे बेनेडिक्टिन साधू ग्रेगोरियन प्रार्थना गातात. ती ऐका, धर्म कुठलाही असो.

झेवियरचे साथीदार इग्नेशियस लोयोला हेही बास्कच, जन्मगाव आस्पेइतियाजवळ. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात शिकलेले कोणी असतील तर त्यांना हे आवडेल.

मुठाकाठी
अहो, नवरा झेवियर्सचाच! एवढं वाचून त्याने स्वतःहून बार्सिलोना खोडलं. 🙏

तुलूझकर
मग गाडी घ्यायचं निमित्त मिळालं. आणि गाडी घेतलीच आहे तर इराती चुकवू नका. पिरेनीजच्या पायथ्याचं बीच आणि फरचं जंगल, युरोपातल्या मोठ्यांपैकी एक. ऑक्टोबरच्या अखेरीस बीच पिवळा, मग तांबूस होतो आणि मधूनच गडद हिरवे फर वर डोकावतात. ओचागाबियाकडून जाल तर गाडीतळापासूनच झाडी सुरू. सासूबाईंनी पन्नास पावलं टाकून एखाद्या दगडावर बसायचं म्हटलं तरी रंग सगळे समोर. शेवटचे वीसेक किलोमीटर नुसती वळणं आहेत, गाडी लागत असेल त्यांनी गोळी घ्यावी. मोबाइलला रेंज नसते, नकाशा उतरवून ठेवा.

मात्र शनिवार-रविवार टाळा, आणि १ नोव्हेंबरच्या सुट्टीच्या आसपास तर अजिबातच नको. अख्खं पाम्प्लोना तिथे येतं.

आळशी_प्रवासी
पावसाचं: तिकडे सिरिमिरी नावाची भुरभुर असते. छत्री उघडावी की नाही ठरवेपर्यंत माणूस ओला झालेला असतो. मधूनच दक्षिणेचा उबदार वारा सुटला की नोव्हेंबरात लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. टोपीचं पातळ जाकीट आणि न घसरणारे बूट एवढं पुरे. डोंगर ओलांडून रिओखात गेलात की हवा कोरडी. तिथे द्राक्षतोडणी बहुतेक झालेली असेल, पण वेलींची पानं लाल असतात, जे मला तोडणीपेक्षा जास्त आवडतं. लोग्रोन्योत राहण्यापेक्षा लाग्वार्दियात राहा. टेकडीवरचं तटबंदीचं गाव, आत गाड्यांना बंदी, घराघराखाली वाइनची तळघरं. तिथून बिल्बाओ विमानतळ दीडेक तासावर, गाडी तिथेच परत द्या. फ्रान्समध्ये परत केलीत तर भुर्दंड बसतो.

आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट आरटीओतून काढून न्या.

लेकुरवाळी
बिल्बाओत गुगेनहाइम सगळेच बघतात. मेट्रोने पोर्तुगालेतेला जाऊन झुलता पूलही बघा. १८९३ चा लोखंडी पूल, वर आडवा सांगाडा आणि खाली तारांना टांगलेला डबा. त्यात गाड्या आणि माणसं घालून नदीपार नेतात. पलीकडे जायला एक युरोही लागत नाही. माझी मुलं परत परत ये-जाच करत बसली, आजीबाईंनाही आवडेल, चालावं लागत नाही.

सान सेबास्टियनमध्ये इगेल्दो टेकडीवर जुनी फ्युनिक्युलर (तारेने ओढली जाणारी डोंगररेल्वे) आहे, १९१२ ची. गुडघ्यांसाठी तीही सोयीची. गास्तेलुगाचेला, म्हणजे समुद्रातल्या खडकावरच्या चॅपलला, मात्र तुम्ही दोघंच जा, २४१ पायऱ्या आहेत, आणि उतरून मग चढायच्या.

मुठाकाठी
सगळ्यांचे खूप आभार. आता असं ठरतंय: बिल्बाओला उतरून थेट सान सेबास्टियन, रविवारी एस्पेलेत, सोमवारी गेर्निका करून बिल्बाओ, मग गाडी घेऊन पाम्प्लोना, मधल्या वारी इराती आणि हाविएर, शेवटी लाग्वार्दिया. व्हिसा स्पेनचाच काढू ना? आणि एस्पेलेतला गाडीशिवाय जमेल?

आळशी_प्रवासी
जिथे जास्त रात्री, त्या देशाचा. म्हणजे स्पेनच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३०,००० युरोचा विमा लागतो. अपॉइंटमेंटला उशीर करू नका.

तुलूझकर
जमेल. सान सेबास्टियनहून ‘तोपो’ म्हणतात त्या लोकलने हेंडाय, तिथून फ्रेंच रेल्वेने बायोन, पुढे बस. पासपोर्ट जवळ ठेवा, हद्दीवर फ्रेंच पोलीस गाडीत चढून तपासतात. रविवारी बस फार कमी असतात, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर शनिवारी गेलो असतो. दुसरं म्हणजे त्याच रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारपर्यंत संध्याकाळी सातला उजेड, रविवारी त्याच वेळेला अंधार. सासूबाई बरोबर आहेत, तेव्हा शनिवारच धरा.